चेन घट्ट लावली तरी दर वेळी सैल होते? आमचं कारण बर्फात नाही, मुलुंडच्या पावसाळ्यात सापडलं

आधी प्रॉब्लेम काय ते सांगतो, म्हणजे ज्याला हाच त्रास आहे त्यानेच पुढे वाचावं. कॅम्परच्या (आत राहायची सोय केलेली गाडी) मागच्या टायरला स्नो चेन, म्हणजे बर्फात चाक घसरू नये म्हणून टायरवर चढवतात ती लोखंडी साखळी, लावली, घट्ट लावली, हाताने ओढून बघितली, टाइट. गाडी काढली. पाचशे मीटरही झाले नसतील आणि मागून सुरू, टक... टक... टक. उतरून बघावं तर चेन ढिली, आतल्या बाजूला सरकलेली आणि तिचं एक टोक सुटून मडगार्डच्या पत्र्यावर आपटतंय. परत गोणपाट टाकून गुडघ्यावर बसा, परत आवळा, बोटं बधिर, मागे रांगेतल्या गाड्यांचे हॉर्न, आणि परत पाचशे मीटरवर तेच. आमच्याकडे हे लागोपाठ तीन हिवाळे झालं.

गाडी कोणती ते पण सांगतो कारण त्यावर बरंच अवलंबून आहे. मी आणि माझा मेव्हणा, आमच्या दोघांच्यात मिळून ट्रॅव्हलर मिनीबसच्या चासीवर बनवून घेतलेली कॅम्पर आहे, मागे जोडटायर म्हणजे एकूण सहा चाकं, आणि ड्राइव्ह मागच्या चाकांना. गाडी मुलुंडला आमच्या सोसायटीत उभी असते (त्यावरून दर मीटिंगला काय होतं तो वेगळा विषय). दर जानेवारीत अहमदाबाद, उदयपूर, जयपूर, चंदीगड, मंडी करत मनाली, साधारण १९०० किलोमीटर, आणि तिथून सोलंग, अटल टनेल आणि टनेलपलीकडचं सिस्सू गाव. टनेल ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाला, त्याच्या आधी हिवाळ्यात रोहतांग बंद म्हणजे पलीकडचं लाहौल बंद, त्यामुळे जानेवारीत सिस्सूला आपली गाडी नेणं हा प्रकारच नवा आहे आणि आमच्यासारखे बर्फातले अडाणी तिथे भरपूर भेटतात.

आवाज दर वर्षी एकच होता पण कारण दर वर्षी वेगळं होतं, आणि हे कळायलाच मला तीन वर्षं लागली. मी आपला दर वेळी चेनलाच शिव्या घालत होतो.

पहिल्या वर्षी चेन आमची नव्हतीच. बर्फ पडला की पोलीस फोर बाय फोर किंवा चेनवाल्या गाड्याच पुढे सोडतात, मग रस्त्याच्या कडेला चेन भाड्याने देणाऱ्या पोरांची चलती. पोरांचे हात काय चालतात, आपण ग्लोव्ह्ज चढवेपर्यंत त्यांचं एक चाक झालेलं असतं. पण त्यांच्याकडे असतात दोन-तीन मापं, त्यातली आमच्या टायरला मोठी झाली, उरलेल्या कड्या त्यांनी काळ्या तारेने गुंडाळून बांधल्या आणि तार पहिल्याच चढावर तुटली. त्यांना दोष देत नाही, मुंबईहून कोणी जोडटायरची गाडी घेऊन येईल हे त्यांनी का धरावं. त्याच दिवशी त्यातल्याच एकाने आम्हाला वाचवलं पण, कारण मेव्हण्याने चेन पुढच्या चाकांना लावायला सांगितली होती, स्टिअरिंग तिकडेच ना म्हणून. पोरगा नुसता हसला आणि मागे गेला. तर ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी: ज्या चाकांना इंजिनची ताकद जाते तिथे चेन. स्विफ्ट, अर्टिगा असेल तर पुढे. ट्रॅव्हलर असेल तर मागे.

मापाचं नीट सांगतो, कारण दुकानात लोक जाऊन म्हणतात "पंधराची चेन द्या". पंधरा हा नुसता रिम झाला. समजा टायरवर २१५/७५ आर १५ लिहिलंय, तर तो टायर उभा साधारण ७० सेंटिमीटर भरतो. १९५/६५ आर १५ घेतला तर रिम तोच पण टायर भरतो साधारण ६३. परीघात २० सेंटिमीटरच्या वर फरक पडला. एवढी चेन लोंबली तर ती आपटणारच. त्यामुळे टायरच्या बाजूवरचे तिन्ही आकडे चेनच्या डब्यावर लिहिलेले असले पाहिजेत, तसेच्या तसे. आणि अजून एक, टायर जुना झाला की सात मिलिमीटर रबर आरामात गेलेलं असतं, परीघ त्यामुळे साडेचार सेंटिमीटरने कमी होतो. म्हणजे नव्या टायरवर बरोबर बसलेली चेन जुन्या टायरवर एक-दोन कड्या आत आवळावी लागते. मागच्या वर्षी ज्या कडीत हूक होता तिथे खूण करून यंदा तिथेच अडकवायचा, हे मी केलंय, करू नका.

दुसऱ्या वर्षी स्वतःची चेन घेतली, मापाची, शिडीसारखी असते ती, दोन कडेच्या साखळ्या आणि मध्ये आडव्या. सोलंगच्या पुढे लावली, मस्त बसली, एक टकसुद्धा नाही. मग टनेल आला. टनेल ९.०२ किलोमीटर लांब आणि आत रस्ता कोरडा, बर्फ कुठून असणार. आत थांबायला मनाई, आणि चेन तर लागलेली, म्हणून तसेच ठणठणाट करत नऊ किलोमीटर काढले. पलीकडे उतरून बघितलं तर आडव्या साखळ्या जमिनीच्या बाजूने घासून आरशासारख्या चकचकीत झालेल्या, एक तुटलेली, आणि अख्खी चेन दोन बोटं सैल. चेन बर्फात रुतण्यासाठी असते, कोरड्या काँक्रीटवर ती स्वतःच झिजते आणि टायरलाही कुरतडते. तेव्हापासून आमचा नियम असा की रस्ता पांढरा असेल तर चेन, काळा दिसला की जागा बघून काढायची, मग टनेलच्या अलीकडे काढून पलीकडे परत लावावी लागली तरी चालेल. बायको म्हणते यात अर्धा तास जातो. जातो. पण काळा दिसणारा रस्ता खरंच कोरडा आहे का ते उतरून बुटाने घासून बघा, टनेलच्या तोंडाच्या आसपास पातळ काचेसारखा बर्फ असतो, वरून दिसतो ओल्या डांबरासारखा.

आता तिसरं वर्ष, आणि खरं तर हे सगळं त्याच्यासाठीच लिहितोय, कारण माप आणि टनेल कोणीही सांगेल.

तिसऱ्या वर्षी माप बरोबर होतं, तुटलेली आडवी साखळी बदललेली होती, कोरड्यावर एक मीटरही चाललो नव्हतो, आणि तरी तेच. लावताना एवढी टाइट की शेवटचा हूक अडकवायला मेव्हण्याने आणि मी मिळून जोर लावला, आणि दोनशे मीटरवर सैल. परत आवळली, दोन कड्या आत गेल्या. परत दोनशे मीटर, परत एक कडी. मग कुठे थांबली. मला वाटलं चेन लांब होतेय, म्हणजे लोखंड ताणलं जातंय, हलका माल गळ्यात मारला दुकानदाराने. मनातल्या मनात त्याला सगळं बोलून झालं.

मुंबईला आल्यावर एका रविवारी सकाळी सोसायटीच्या कंपाउंडमध्ये दोन्ही चेन फरशीवर पसरल्या. वॉचमन काका गढवालचे, ते खुर्ची घेऊन समोरच बसले. "साब, इधर भी बरफ गिरनेवाला है क्या?" मी म्हटलं काका, जरा टोक पकडा. डावी आणि उजवी शेजारी शेजारी ठेवून टेपने मोजली तर एकाच डब्यातल्या दोन चेन, आणि डावी चार बोटं आखूड! म्हणजे लांब झालेली नाहीच, उलट आखूड. मग मी एका टोकावर पाय दिला, काकांनी दुसरं टोक पहारीत अडकवून ओढलं, आणि कड कड कड असा आवाज करत ती सरळ झाली. फरशीवर गंजाचा लाल भुगा पडला. परत मोजली, उजवीएवढी.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मागच्या जानेवारीत आल्यावर चेन ओलीच गोणीत कोंबून कॅम्परमधल्या बाकाखाली टाकली होती. फेब्रुवारी ते डिसेंबर ती तिथेच. मध्ये आपला पावसाळा, आणि मुंबईची हवा काय असते ते सांगायला नको, जूनमध्ये कपाटातले बूटसुद्धा हिरवे होतात. कड्या जशा वाकड्यातिकड्या पडल्या होत्या तशाच गंजून एकमेकींना चिकटल्या. सरळ साखळीत कडी कडीच्या टोकाशी बसते, गंजलेल्या साखळीत ती तिरकी अडकून बसते, आणि अशा पंधरा-वीस तिरक्या कड्या झाल्या की चेन चार बोटं आखूड. अशी चेन टायरवर चढवली की हाताला एकदम टाइट लागते, कारण हाताच्या जोराने गंज सुटत नाही. गाडी चालली, चार टनाचं वजन वरून फिरलं की एकेक कडी कडकडत सरळ होते आणि चेन आपोआप लांब. आपल्याला वाटतं सैल झाली. अहो ती आत्ता कुठे खऱ्या मापाला आली!

आणि उजवी का नव्हती आखूड? ती गोणीत वर होती, डावी खाली, पाणी खाली साचलं. एवढंच.

उपाय एकदम साधा. घमेल्यात डिझेल घेऊन चेन रात्रभर बुडवून ठेवली, सकाळी वायर ब्रश मारला, प्रत्येक कडी हातात धरून फिरते का बघितली. डावीत तीन कड्या इतक्या खाल्लेल्या होत्या की त्या बदलल्या, जोडकडी नागदेवी स्ट्रीटला मिळते, आपल्या चेनची एक कडी सोबत न्या, जाडी नुसती तोंडी सांगू नका. मग कापडाने पुसून हलकं तेल. आता परत आल्यावर पहिलं काम चेन गोड्या पाण्याने धुवायची, उन्हात वाळवायची, तेलाचा हात आणि प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात सैल गुंडाळून ठेवायची, गोणी बंद. आणि गणपती झाले की एकदा बाहेर काढून फरशीवर सरळ करून मोजायची. पेव्हर ब्लॉकवर डिझेलचे डाग पडले म्हणून सेक्रेटरींची चिठ्ठी आली, त्यांचंही बरोबर आहे, आता खाली जुना फ्लेक्सचा बॅनर टाकतो.

त्याच फरशीवर अजून एक गोष्ट कळली. गंज नसला तरी कडेच्या साखळीला एक पीळ जरी राहिला तरी तसंच होतं, लावताना टाइट आणि पीळ बसला की सैल. डब्यातून काढलेल्या नव्या चेनमध्येसुद्धा पीळ असतो. म्हणून चेन आधी जमिनीवर पूर्ण पसरायची, कड्यांवरून बोट फिरवत जायचं, पीळ असेल तर टोक उलटं फिरवून काढायचा, मगच टायरवर. बर्फात हे करायचा कंटाळा येतो हे मला माहीत आहे, म्हणूनच घरी करून, टोकाला लाल चिंधी बांधून ठेवा की ही बाहेरची बाजू.

आता जोडटायरवर लावायची कशी ते, कारण याच्यावर मराठीत कुठे धड लिहिलेलं मला मिळालं नाही. साधी चेन असेल तर ती बाहेरच्या टायरला लावायची, आतल्याला नाही. हँडब्रेक, पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे. आडव्या साखळ्यांच्या हुकांची उघडी तोंडं टायरच्या उलट बाजूला, म्हणजे बाहेर दिसली पाहिजेत, उलटी लावली तर ती रबरात घुसतात. चेन वरून टाकून गाडी अर्धा चाक पुढे घ्यायची, मग दोन्ही टोकं समोर येतात. आधी आतलं हूक. आणि खरी मारामारी इथेच, कारण आतली साखळी दोन टायरच्या फटीत असते, हात जात नाही, ग्लोव्ह घातलेला तर नाहीच. मी एक सळी वाकवून आकडा बनवून घेतलाय, विहिरीतून कळशी काढायला असायचा तसा, त्याने आतलं टोक ओढून घेतो. आतलं हूक जितकं ओढता येईल तितक्या आतल्या कडीत, इथे आळस केला तर बाहेरून कितीही आवळा, चेन आत सरकणारच. मग बाहेरचं. मग त्यावर रबरी टेन्शनर, म्हणजे चेन ताणून धरणारी हूकवाली रबरी पट्टी, त्याचे हूक सारख्या अंतरावर. पहिल्या वर्षी टेन्शनर नव्हता म्हणून टेम्पोवाले ताडपत्री बांधायला वापरतात ती ट्यूबची पट्टी लावली होती, थंडीत ती कडक होऊन तुटली, वेळ मारून नेण्यापुरती ठीक आहे.

उरलेल्या कड्या लोंबत ठेवू नका, केबल टायने साखळीलाच बांधा. आणि टायरमधली हवा कमी करून चेन चढवायची आणि मग परत भरायची ही आयडिया कोणीतरी देतंच, नको, चेन बनवणारेच तसं करू नका म्हणून सांगतात.

नंतर शंभर-दोनशे मीटर पायी चालल्यासारखं जायचं, थांबायचं, परत आवळायचं. चांगल्या चेनलाही हे लागतंच. स्वच्छ केलेल्या चेनला आता आमची अर्धी कडी आत जाते, गंजलेलीला तीन गेल्या होत्या. यावरून तुम्हालाही कळेल की तुमची चेन कुठल्या जातीची आहे: पहिल्या थांब्याला थोडी आवळली आणि संपलं, तर ती चेन बसली. दर थांब्याला जात राहिली तर पीळ किंवा गंज. आणि आवळायला कडीच उरली नाही तर माप मोठं. चेनवर जास्तीत जास्त ५० चा वेग सांगतात, आम्ही तीसच्या वर जात नाही, क्लच सोडताना चाक जागेवर फिरलं की सगळ्यात आधी चेनच उडते.

आता मागे गाडी बांधलेली असेल तर काय. आपल्याकडे हा प्रश्न येत नाही कारण चालू गाडी दुसऱ्या गाडीला बांधून फिरवायला नियमातच बसत नाही, बंद पडलेलीच ओढता येते. पण माझा आतेभाऊ, आमचा दादा, अमेरिकेत कॅलिफोर्नियात, सॅक्रामेंटोला असतो, त्याच्याकडे दहा मीटर लांब मोटरहोम आहे आणि तिच्यामागे तो छोटी एसयूव्ही टो बारने (दोन गाड्या जोडणारा लोखंडी दांडा) बांधून नेतो, चारही चाकं रस्त्यावर. गेल्या जानेवारीत आम्ही दोघं त्याच्याकडे होतो. रीनोला निघालो, आय-८० हायवेवर डॉनर समिट हा घाटमाथा लागतो, साधारण २२०० मीटर, म्हणजे मनालीपेक्षा थोडासाच उंच, पण बर्फ असा पडतो की बस.

तिकडे चेनचे तीन टप्पे बोर्डावर लिहून येतात. आर-१ ला स्नो टायरवाल्या हलक्या गाड्या चेन सोबत ठेवून जाऊ शकतात, पण काही ओढत असाल तर ड्राइव्हच्या अ‍ॅक्सलला चेन हवीच, आणि ओढल्या जाणाऱ्या ट्रेलरला ब्रेक असतील तर त्याच्याही एका अ‍ॅक्सलला. आर-२ ला चारही चाकांना ड्राइव्ह आणि चारही स्नो टायर असलेल्या गाड्या सोडून सगळ्यांना. आर-३ ला सगळ्यांना, सबब नाही. वेग ताशी २५ ते ३० मैल. कडेला चेन लावून देणारे असतात, परवानावाले, नंबरचा बिल्ला लावलेले, सोलंगच्या पोरांची आठवण आली.

दादाने स्वतः लावली. सातशे-आठशे फुटांवर टक... टक... टक. मला हसूच आलं, म्हटलं दादा, पीळ काढला होतास का? चेन चार वर्षांपूर्वी घेतलेली, गॅरेजमध्ये डब्यात, पहिल्यांदाच उघडलेली. उतरून पसरली तर कडेच्या साखळीला अख्खा एक पीळ. तिकडे गंज नव्हता, हवा कोरडी. पीळ काढला आणि मोटरहोमचा आवाज बंद.

पण मागच्या गाडीचं दुखणं वेगळं निघालं. उतारावर मोटरहोम हळू केली की शेपटी हलल्यासारखी मागची गाडी बाजूला सरकायची. त्या गाडीत एक ब्रेकचा डबा ठेवतात, पुढची गाडी हळू झाली की तो पॅडल दाबतो. कोरड्या रस्त्यावर उत्तम. बर्फात काय होतं की मागच्या गाडीचं इंजिन बंद, ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा झोपलेली, चाकांना चेन नाही, पॅडल दाबलं की चारही चाकं जाम होऊन गाडी घसरगुंडी. बरं डबा बंद करावा, तर दीड टनाची गाडी उतारावर मोटरहोमच्या पार्श्वभागाला ढकलत राहते आणि वळणावर दोघींचा कोन होतो. मागच्या गाडीलाही चेन लावा हा तिसरा पर्याय, तिथे तिच्या पुस्तकात बघायचं, बऱ्याच नव्या गाड्यांत टायर आणि सस्पेन्शनमध्ये जागाच इतकी कमी असते की जाड चेन चालत नाही, क्लास एस लिहिलेली बारीक केबलवालीच घ्यावी लागते. माझं मत विचाराल तर चौथा: सोडवा. गाडी वेगळी करा, तिच्या ड्राइव्हच्या चाकांना चेन लावा आणि दुसऱ्या माणसाने चालवत न्या.

फक्त कुठे सोडवायची हे आधी ठरवा. आम्ही चेनच्या रांगेत, उतारावर, रस्त्याच्या कडेला तिरक्या उभ्या असलेल्या गाडीला सोडवायला गेलो. टो बारच्या पिना हलेनात, कारण दोन गाड्या सरळ रेषेत नव्हत्या, सगळा ताण पिनेवर, वरून बर्फ गोठलेला. जरा मागे घेऊन ताण सोडावा म्हणाल तर अशी बांधलेली गाडी रिव्हर्स घेता येत नाही, मागच्या गाडीची पुढची चाकं आडवी होतात आणि बार वाकतो. वहिनी मागच्या गाडीत बसून स्टिअरिंग इकडून तिकडे हलवतायत, दादा बोटभर पुढे घेतोय, मी रबरी हातोडीने पिनेवर टकटक, चाळीस मिनिटं. गरम पाणी ओतायचा मोह झाला होता, दादाने थर्मास काढून घेतला, बरोबरच, ते तिथेच गोठलं असतं. परतीला आम्ही चेनच्या बोर्डाच्या बऱ्याच आधी, एका दुकानाच्या सपाट कोरड्या पार्किंगमध्ये गाडी सरळ उभी करून सोडवली. दोन मिनिटं.

चेनशी संबंध नाही पण सिस्सूला जाणाऱ्या कॅम्परवाल्यांसाठी: अ‍ॅडब्लू (डिझेल गाडीचा धूर साफ करायला वेगळ्या टाकीत भरतात ते) उणे ११ ला गोठतं, आणि पाण्याची टाकी रात्री रिकामी केली तरी पाइपात आणि पंपात पाणी उरतं, नळ उघडे ठेवून झोपा. आमचा पंप पहिल्याच वर्षी फुटला.

एक आवाज मात्र अजून राहिलाय. उजव्या बाजूला, चेन अगदी नीट बसलेली असताना, फक्त वळणावर, बारीक टिक टिक. मडगार्ड नाही, तिथे कुठे ओरखडा नाही. माझा संशय आतल्या टायरची हवा भरायला जी लांब व्हॉल्व्हची नळी बाहेर आणलेली आहे तिच्यावर आहे, टेन्शनरचा हूक तिला लागत असणार, कारण यंदा तिचं टोपण गायब होतं आणि नळीवर एक चमकती रेघ पडलीये. या जानेवारीत तो टेन्शनर दोन हूक फिरवून लावून बघणार आहे. जोडटायरवाल्या कोणी आधी हे केलं असेल तर नळी कुठल्या बाजूला ठेवलीत ते सांगा.